आवाज घुमतो कुठे आणि ऐकू येतो कुठे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका लहान कारखान्याच्या कार्यालयात काही वर्षांपूर्वी मी इंटरनेट टेलिफोनची यंत्रणा बसवली. जिन्याखालच्या कोंदट खोलीत पंधरा-एक वर्षे इमानेइतबारे चाललेला ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातला छोटा टेलिफोन एक्स्चेंज, काढला, त्याच्या जागी अ‍ॅस्टरिस्क हा फोन जोडून देणारा प्रोग्रॅम चालवणारा एक संगणक ठेवला, त्यात चार लँडलाइन जोडता येतील असे कार्ड बसवले आणि चौदा टेबलांवर आयपी फोन मांडले. पहिले दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी माल पाठवण्याचे काम सांभाळणाऱ्या ताईंचा फोन आला आणि तोही त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून. "दादा, आवाज घुमतोय हो. काहीतरी करा, नाहीतर ते जुनं डबडंच परत लावून द्या."

पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी त्या एका वाक्यामागे धावत होतो. नंतर तुर्भे आणि रबाळे इथल्या दोन-तीन कार्यालयांतही मला हीच तक्रार याच शब्दांत ऐकायला मिळाली, आणि प्रत्येक ठिकाणी यंत्रणा बसवणाऱ्याने तीच चूक केलेली होती जी मी वागळे इस्टेटमध्ये केली होती. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच त्याचे मूळ असणार, असे तो धरून चालला होता.

माझे पहिले चार दिवस संगणकासमोर गेले. तक्रार नव्या यंत्रणेची, म्हणजे दोषही नव्या यंत्रणेतच असणार, असे मला वाटत होते. मी एका वेळी चार-चार सेटिंग बदलत होतो, यंत्रणा पुन्हा सुरू करत होतो आणि ताईंना विचारत होतो, "आता कसं वाटतंय?" त्या बिचाऱ्या कधी "जरा बरं आहे" म्हणत, तर कधी "तसंच आहे". चार दिवसांनंतर आवाज पूर्वीपेक्षा चांगला आहे की वाईट, हे मलाही सांगता येत नव्हते, आणि त्यातही कोणत्या बदलाने काय झाले हे तर मुळीच नाही.

पाचव्या दिवशी मी वही घेऊन टेबलाटेबलावर गेलो आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. तुम्हाला नेमके काय ऐकू येते? ते तुम्हाला ऐकू येते की समोरच्याला? आणि कोणाशी बोलताना? या तीन प्रश्नांनी जे काम केले ते चार दिवसांच्या सेटिंगांनी केले नव्हते. 'आवाज घुमतोय' या दोन शब्दांखाली तीन वेगळी दुखणी दडलेली होती. ताईंना आणि विक्रीच्या दोन मुलांना स्वतःचेच बोलणे क्षणभराने परत ऐकू येत होते, पण ते फक्त बाहेरच्या लँडलाइनवरून बोलताना. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन केला तर आवाज स्वच्छ होता. शेठच्या फोनवर सतत घरघर होती, मग बोलणारा कोणीही असो. आणि हिशेब पाहणाऱ्या काकांच्या फोनवर आवाज तुटत होता, शब्दांचे तुकडे गळत होते, पण रोज ठरावीक वेळीच. तिघेही त्याला घुमणेच म्हणत होते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. आवाज बिघडला की आपल्याकडे तो घुमतो, एवढेच.

सर्वांत आधी मी ताईंचे दुखणे हाती घेतले, कारण खऱ्या अर्थाने प्रतिध्वनी म्हणावा असे तेच होते.

प्रतिध्वनी दोन जागी जन्मतो. एक म्हणजे हवेत: समोरच्या माणसाच्या फोनचा स्पीकर आपला आवाज बाहेर टाकतो, त्याच्याच फोनचा माइक तो पुन्हा उचलतो आणि आपल्याकडे परत पाठवतो. ट्रकच्या केबिनमध्ये मोबाइल स्पीकरवर टाकून बोलणारा चालक हे याचे उत्तम उदाहरण. दुसरी जागा म्हणजे तांब्याची तार. लँडलाइनची जोडी दोन तारांची असते आणि त्याच दोन तारांवरून जाणारा व येणारा असे दोन्ही आवाज एकाच वेळी वाहतात. एक्स्चेंजमध्ये आणि आपल्या कार्डात मात्र जाण्याची वाट वेगळी व येण्याची वेगळी, म्हणजे चार तारांची सोय असते. दोनाचे चार आणि चाराचे दोन करणाऱ्या त्या सांध्याला हायब्रिड म्हणतात. हायब्रिडने तारेचा जो इंपीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, गृहीत धरला आहे आणि तारेचा जो खरोखर आहे, त्यांचा मेळ बसला नाही, की जाणाऱ्या आवाजाचा काही भाग पुढे न जाता येण्याच्या वाटेवर उडी मारतो. तोच आपला प्रतिध्वनी. मेळ पूर्णपणे कधीच बसत नाही, म्हणून थोडा प्रतिध्वनी प्रत्येक लँडलाइनवर असतोच.

या दोन प्रकारांत भेद करण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि ती वापरायला कोणतेही यंत्र लागत नाही. समोरच्याला त्याचा फोन म्यूट करायला सांगावे आणि आपण बोलत राहावे. आपला आवाज परत येणे थांबले, तर तो त्याच्या स्पीकरमधून त्याच्या माइकमध्ये शिरत होता, आणि त्यावर उपाय त्याच्याच हातात आहे. तरीही येत राहिला, तर दोष तारेकडे. ताईंनी माझ्यासमोर भिवंडीच्या एका गोदामाच्या लँडलाइनवर फोन लावला, तिकडच्या माणसाला म्यूट करायला लावले आणि त्या "एक, दोन, तीन" म्हणू लागल्या. तिकडे शांतता होती, आणि इकडे रिसीव्हरमध्ये प्रत्येक आकडा पाठोपाठ परत येत होता, जणू कुणीतरी ताईंची नक्कल करत होते.

मग मला शेठने विचारलेला आणि वरवर बिनतोड वाटणारा प्रश्न उरला: तारा त्याच, एक्स्चेंज तेच, मग जुन्या डबड्यावर हे का होत नव्हते? उत्तर असे की होत होते, फक्त ऐकू येत नव्हते. साध्या टेलिफोनमध्ये आपलाच आवाज आपल्या कानाला थोडासा मुद्दाम ऐकवला जातो, म्हणजे फोन जिवंत आहे असे वाटते आणि माणूस ओरडत नाही. तारेवरून परतलेला आवाज काही मिलिसेकंदांतच आला, तर तो या आवाजात मिसळून जातो आणि कानाला वेगळा कळत नाही. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, की तो वेगळा उमटू लागतो, आणि जितका उशिरा येईल तितका जास्त छळतो. इंटरनेट टेलिफोन आवाजाची २०-२० मिलिसेकंदांची पाकिटे करून पाठवतो. जाताना एका पाकिटाचे २०, परतताना २०, आणि मागेपुढे येणारी पाकिटे क्षणभर थोपवून ओळीत लावणाऱ्या, फोनमधल्या जिटर बफरचे ४० धरले, तरी आपल्याच कार्यालयात आवाजाला फेरी मारून यायला ८० मिलिसेकंद लागले. नव्या यंत्रणेने प्रतिध्वनी निर्माण केला नव्हता; जो आधीपासून होता त्याला तिने उशीर करायला लावला होता. हे शेठना समजावून सांगताना मी म्हटले, "देणं जुनंच आहे, फक्त वसुलीला उशिरा आलंय, म्हणून डोळ्यावर आलं." शेठ हसले नाहीत.

यानंतरची गोष्ट माझ्यासाठी जरा लाजिरवाणी आहे. यंत्रणा बसवली त्या दिवशी शेठ म्हणाले होते की आवाज बारीक येतो, म्हणून मी कार्डाच्या सेटिंगमध्ये जाणारा आवाज ६ डेसिबलने आणि येणारा आवाजही ६ डेसिबलने वाढवून ठेवला होता. त्या वेळी ते सहज केले आणि विसरून गेलो. पण प्रतिध्वनीचा प्रवास पाहिला तर तो जाण्याच्या वाटेवरून जाऊन येण्याच्या वाटेवरून परततो, म्हणजे दोन्ही वाढी त्याच्या पदरात पडतात. समोरच्याचा आवाज मला ६ डेसिबलने मोठा ऐकू आला, पण ताईंचा स्वतःचा परतणारा आवाज १२ डेसिबलने, म्हणजे विद्युतदाबाच्या हिशेबात जवळजवळ चौपट झाला. शिवाय फार मोठा आवाज ढकलला आणि तो तारेच्या बाजूला कुठे कापला गेला, तर त्या कापलेल्या लाटेचा हिशेब प्रतिध्वनी पुसणाऱ्या प्रोग्रॅमलाही लावता येत नाही. मी दोन्ही आकडे शून्यावर आणले आणि नंतर येणारा आवाज एकेक डेसिबलने, फोनवर ऐकत ऐकत, दोनपर्यंत चढवला. जाणारा शून्यावरच ठेवला. निम्मी तक्रार तिथेच मिटली. जिथे जिथे 'आवाज बारीक येतो' म्हणून सुरुवातीला गेन वाढवलेला असतो, तिथे पंधरा दिवसांत 'आवाज घुमतो' ही तक्रार येणार, हे मी आता न बघता सांगतो.

उरलेली निम्मी तक्रार इंपीडन्सच्या मेळाची होती. अ‍ॅस्टरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतले, आणि अशा कार्डांसाठी त्याच्या जोडीला जे ड्रायव्हर येतात त्यांना पूर्वी झॅपटेल म्हणत. २००८ पासून त्यांचे नाव डाहडी झाले. त्यांच्यासोबत एफएक्सओट्यून नावाचे एक छोटे साधन मिळते. ते लाइन उचलते, एक आकडा फिरवून डायल टोन बंद पाडते, मग शांत झालेल्या तारेवर स्वतःच सूर सोडते आणि किती परत येतो ते मोजते. कार्डाच्या चिपमध्ये इंपीडन्सचे जे अनेक पर्याय असतात ते एकेक करून लावून पाहते आणि ज्यात सर्वांत कमी परतले तो पर्याय फाइलमध्ये लिहून ठेवते. हे काम कार्यालय बंद झाल्यावर करावे, कारण मध्येच कुणाचा फोन आला की मोजमाप फुकट जाते. शनिवारी संध्याकाळी चारही लाइनचे हे करून घेतले. ड्रायव्हरमध्ये देश निवडायची सोय असते, तिथेही भारत निवडून पाहिला. कानाला काही फरक जाणवला नाही, पण योग्य आहे म्हणून तसाच राहू दिला. संगणक पुन्हा सुरू झाला की ती फाइल पुन्हा कार्डात भरावी लागते. ती आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकायला मी विसरलो, आणि पुढच्या आठवड्यात वीज जाऊन आल्यावर प्रतिध्वनीही परत आला, हेही इथे नोंदवून ठेवतो.

तीन लाइन सुधारल्या. तिसऱ्या क्रमांकाची लाइन काही केल्या ऐकेना. त्या लाइनवर पूर्वी ब्रॉडबँड होते. तार शोधत गेलो तेव्हा कपाटामागे भिंतीवर ब्रॉडबँडचा स्प्लिटर सापडला, आणि त्याच्या पुढे, कार्डाजवळ, पांढऱ्या डबीएवढा आणखी एक फिल्टर, म्हणजे एकामागे एक असे दोन. प्रत्येक फिल्टर आवाजाच्या पट्ट्यातही इंपीडन्स थोडा बदलतोच. ब्रॉडबँड कधीच दुसऱ्या मार्गाने आलेले होते, त्यामुळे दोन्ही काढून टाकले, तार सरळ जोडली, त्या लाइनचे मोजमाप पुन्हा करून घेतले आणि ती लाइनही इतरांच्या पंक्तीला येऊन बसली.

मगच मी प्रतिध्वनी पुसणाऱ्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे इको कॅन्सलरकडे वळलो. पहिल्या चार दिवसांत मी त्याच्यापासूनच सुरुवात केली होती. कॅन्सलर काय करतो, तर आपण पाठवलेला आवाज लक्षात ठेवतो, तो तारेवरून कसा बदलून परततो याचा अंदाज बांधतो आणि येणाऱ्या आवाजातून तो अंदाज वजा करतो. अंदाज सतत सुधारत राहतो, म्हणून फोन लागल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत प्रतिध्वनी ऐकू येऊन मग विरघळणे हे चांगल्या कॅन्सलरचेच लक्षण आहे. कॅन्सलर किती लांबचा प्रतिध्वनी पुसू शकतो ते टॅपमध्ये मोजतात, आवाजाच्या एका नमुन्याला एक टॅप. सेकंदाला ८,००० नमुने या हिशेबाने एका मिलिसेकंदाला ८ टॅप लागतात. १२८ टॅप म्हणजे १६ मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी आणि १,०२४ टॅप म्हणजे १२८ मिलिसेकंदांचा. इथे बरेच जण फसतात. त्यांना वाटते की आपला प्रतिध्वनी ८० मिलिसेकंदांनी येतो, तर टॅपही तेवढे हवेत. पण कॅन्सलर कार्डाला चिकटून बसलेला असतो. त्याच्यापासून तारेपर्यंत आणि परत, एवढाच उशीर त्याला मोजायचा असतो. फोन आणि संगणक यांच्यामधला पाकिटांचा उशीर त्याच्या पाठीमागे घडतो. त्यामुळे कार्डातल्या हायब्रिडच्या प्रतिध्वनीला १२८ टॅप पुरून उरतात. दूरच्या टोकाला आणखी एक हायब्रिड असतो म्हणून मी २५६ ठेवले. डेव्हिड रो या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने खुला करून ठेवलेला ऑस्लेक हा कॅन्सलर मी वापरला, आणि डाहडीसोबत येणाऱ्या नेहमीच्या कॅन्सलरपेक्षा तो मला त्या लाइनवर उजवा वाटला. मात्र कॅन्सलर हा पोछा आहे. नळ गळत असेल तर आधी नळ बघावा, असे माझे मत त्या चार दिवसांनी बनवले आहे.

या पोछ्याचा इतिहास मोठा रोचक आहे. १९६५ मध्ये अर्ली बर्ड हा उपग्रह दूरध्वनीसाठी वापरात आला, तेव्हा आवाजाला सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकेच खाली यायचे होते. एका बाजूच्या प्रवासाला पाव सेकंद लागत होता, म्हणजे स्वतःचा आवाज परत यायला अर्धा सेकंद. तोपर्यंतची पद्धत अशी होती की एक जण बोलत असताना दुसऱ्याची वाट दाबून टाकायची; पण अर्ध्या सेकंदाच्या उशिरात त्यामुळे संभाषणच तुटू लागले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत परिस्थिती पाहून स्वतःला सुधारून घेणारा कॅन्सलर तयार झाला, आणि त्यावरचा १९६७ मधला मूळ निबंध भारतात जन्मलेल्या मनमोहन सोंधी यांचा आहे. आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकाशी बोलताना "हॅलो" म्हणून स्वतःचेच "हॅलो" ऐकलेली पिढी ठाण्यात अजून आहे. तिने अनुभवलेला त्रास आणि वागळे इस्टेटमधल्या ताईंचा त्रास, दोन्ही एकाच जातीचे.

एक गोष्ट मात्र कॅन्सलरला नीट जमत नाही: दोघे एकाच वेळी बोलले की त्याचा अंदाज बिघडतो, आणि कधी समोरच्याच्या शब्दाची सुरुवात कापली जाते. भाव ठरवताना दोघेही एकदम बोलतात, हे विक्रीच्या मुलांना कोण सांगणार?

आता शेठची घरघर. ही मला प्रतिध्वनीपेक्षा जास्त आवडली, कारण तिच्या शोधात हाताला प्रत्यक्ष काही लागले.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, म्हणून शुद्ध ५० हर्ट्झची गुणगुण फोनमध्ये फारशी पोचत नाही. पोचतात त्या तिच्या वरच्या पटी, आणि त्या सगळ्या मिळून कानाला घरघर अशा लागतात. शेठच्या शिपायाने सहज एक वाक्य टाकले: "लाइट गेली की जास्त येतं, साहेब." वीज गेल्यावर आवाज वाढतो, म्हणजे इन्व्हर्टरचा संबंध. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध लाट देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो, आणि तिच्यात या वरच्या पटी भरपूर असतात. पण त्या आवाजात शिरतात कुठून?

जिन्याखालच्या खोलीत गेलो आणि दिवा लावण्याआधी संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला बोटांची मागची बाजू हलकेच टेकवली. झिणझिण्या आल्या. पेटी तीन पिनांच्या प्लगने जोडलेली होती, पण प्लग ज्या एक्स्टेंशन बोर्डात होता त्याची स्वतःची तार दोन पिनांची होती. म्हणजे अर्थिंग पेटीपर्यंत आलेलेच नव्हते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गडबड गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात ते फेज आणि न्यूट्रल दोघांपासून पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहून २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने तो सहसा झिणझिण्यांवर भागतो, पण त्या पत्र्याच्या आत बसलेले टेलिफोनचे कार्ड ती सगळी घाण तारेवर सांडते. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावले. त्यांनी बोर्ड उचलून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हे कोणी लावलं?" बोर्ड मीच लावला होता, पण मी तेव्हा काही बोललो नाही. त्यांनी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र अर्थिंगची हिरवी तार आणून तीन पिनांचा पॉइंट करून दिला, आणि घरघर ऐकू येईल न येईल इतकी उतरली.

जी उरली ती फक्त एका लाइनवर होती. तिच्यासाठी आम्ही फाटकाजवळच्या डीपीपर्यंत, म्हणजे बाहेरच्या तारा आतल्या तारांना जोडणाऱ्या पेटीपर्यंत गेलो. आतली सगळी जोडणी तिथेच सोडवायची आणि बाहेरून येणाऱ्या उघड्या जोडीवर टेस्ट फोनच्या चिमट्या लावून ऐकायचे. घरघर असेल तर टेलिफोन कंपनीकडे तक्रार, नसेल तर दोष आपल्या भिंतींत. बाहेरची जोडी स्वच्छ होती, मीटरवर ४७ व्होल्टही नीट दिसत होते. म्हणजे आपलाच कारभार. त्या लाइनची एक समांतर तार पूर्वी वरच्या मजल्यावरच्या फॅक्सकडे गेली होती. फॅक्स गेला, तार राहिली. तिचे टोक ओल आलेल्या भिंतीत, चुन्यात रुतलेले, आणि वाटेत ती ट्यूबलाइटच्या तारांसोबत एकाच केसिंग-पट्टीतून गेलेली. टेलिफोनच्या जोडीच्या दोन्ही तारांत बाहेरची गुणगुण सारखीच शिरली, तर ती एकमेकींना खोडून टाकते. पण ओलीमुळे त्यातली एक तार जमिनीकडे झिरपू लागली की तो तोल जातो आणि गुणगुण कानापर्यंत पोचते. पक्कड घेऊन ती तार डीपीपाशीच कापली. निकाल तिथल्या तिथे लागला.

कुणी आपला मोबाइल आयपी फोनच्या अगदी शेजारी ठेवला, की एसएमएस येण्याआधी 'टिर्र-टिर्र' असा जो आवाज येतो, त्याला अर्थिंगशी काही देणेघेणे नाही. तो जीएसएम मोबाइलच्या २१७ हर्ट्झच्या धडक्यांचा आवाज असतो. मोबाइल हातभर लांब ठेवावा.

हिशेबाच्या काकांचे तुटणारे शब्द सर्वांत कमी कष्टात सुटले. त्यांचा फोन लँडलाइनवर नव्हे, तर इंटरनेटवरून मुंबईच्या दुसऱ्या कार्यालयाशी बोलत असे. आवाजाचे आकडे करण्याच्या जी.७११ या पद्धतीत आवाजाचे स्वतःचे ६४ किलोबिट आणि पाकिटांच्या वेष्टणाचे वजन मिळून एका बाजूला सुमारे ८७ किलोबिट प्रति सेकंद लागतात. एवढे तर कोणत्याही ब्रॉडबँडला सहज परवडते. पण रोज साडेअकराला शेठ घरून कार्यालयाचे सीसीटीव्ही मोबाइलवर पाहत, चित्रे वर चढवण्यात सगळा अपलोड खाल्ला जाई आणि आवाजाची पाकिटे त्या रांगेत मागे अडकत. राउटरवर आवाजाच्या पाकिटांना पहिली जागा दिली आणि सीसीटीव्हीच्या अपलोडला मर्यादा घातली. जिटर बफर वाढवून हा दोष झाकता आला असता, पण त्याने उशीर वाढतो, आणि उशीर वाढला की वर सांगितलेला प्रतिध्वनी पुन्हा डोके वर काढतो.

एक चौथी गोष्ट मला नंतर आढळली, जिच्याबद्दल कुणीही तक्रार केली नव्हती. रात्री नऊच्या सुमारास सगळ्या लाइनवर बारीक 'टक्-टक्' येई. त्या वेळी संगणकाचा बॅकअप चाले. कार्डाला दर मिलिसेकंदाला प्रोसेसरचे लक्ष हवे असते. डिस्कने ते अडवले की एखादा नमुना गळतो आणि त्याचा टक् असा आवाज होतो. डाहडीसोबत येणारी चाचणी चालवली तर आकडा एरवी ९९.९९ टक्क्यांच्या वर असे आणि बॅकअप चालू असताना खाली घसरे. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावले, तेव्हा त्याला प्रोसेसरला हाक मारण्याची स्वतःची वाट, म्हणजे इंटरप्ट लाइन मिळाली आणि टक्-टक् बंद झाली.

पुढे जूनअखेरीस ठाण्यात पावसाने जोर धरला, तेव्हा ताईंचा पुन्हा फोन आला, या वेळी कार्यालयाच्याच फोनवरून. "दादा, दोन नंबरच्या लाइनवर खरखर येतेय. घुमत नाहीये हं, नुसती खरखर. आणि समोरच्याला पण ऐकू येतेय, मी विचारलं त्याला." मी तिकडे गेलो तो थेट फाटकाजवळच्या डीपीकडेच. झाकण अर्धवट उघडे होते, आत मुंग्यांनी घर केले होते आणि दोन नंबरच्या जोडीवर पाण्याचे थेंब लोंबत होते.